स्पर्शापलीकडचे

वाटेने चालता चालता पायाला ठेच लागते. तेथे दगड होता, याविषयी कोणालाही शंका येत नाही. तो डोळ्यांना दिसतो, हाताने उचलता येतो, तराजूत घालून तोलता येतो. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल, त्याने खुशाल यावे आणि पाहावे. परंतु ठेच लागताक्षणी अंगठ्यापासून मस्तकापर्यंत जी कळ जाते, ती कोठे आहे? तिला रंग नाही, आकार नाही, वजन नाही. सोबतच्या मित्राला दगड दाखवता येतो. कळ दाखवता येत नाही. असे असूनही, 'या दोहोंत अधिक खरे कोणते?' असे ठेच लागलेल्या मुलाला विचारले, तर तो दगडाकडे पाहणारही नाही. अंगठा हातात धरून तो कळवळत असतो.

व्याकरणाच्या तासाला 'दगड' हे सामान्यनाम म्हणून शिकवतात आणि 'दुःख' हे भाववाचक नाम म्हणून. दया, धैर्य, लोभ, आनंद ही सारी भाववाचक नामेच होत. व्याकरणकारांनी दगडाला आणि दुःखाला नामांच्या एकाच पंक्तीला बसवले, त्यात भेदभाव केला नाही. पण एखाद्याला नाव आहे एवढ्यावरून तो पदार्थ जगात असतोच, असे नाही. 'आकाशपुष्प' हाही शब्दच आहे. ते फूल मात्र आजवर कोणी खुडलेले नाही. मग दुःख, आनंद, माया यांना कोणाच्या शेजारी बसवावयाचे? दगडाच्या, की आकाशपुष्पाच्या? 'माया' या शब्दाची तर मराठीत मौजच आहे. आई लेकरावर करते तीही माया आणि वेदान्ती ज्याला निव्वळ भास म्हणतात तीही माया!

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. एखादे मूल हिरमुसले होऊन कोपऱ्यात बसले, की कोणी वडील माणूस सहज म्हणून जातो, ''काही झालेले नाही. उगाच मनाचे खेळ!'' अंगावर जखम नाही, ताप नाही, दाखवण्यासारखे काहीच नाही. तेवढ्यावरून त्या मुलाचे दुःख खोटे ठरत असेल, तर ते मूलही खोटे ठरते. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार झाला पाहिजे. आणि तो करण्यासाठी एका अशा मुलीची हकीकत पाहणे इष्ट आहे, की जिच्यापुरते जग म्हणजे बहुतांशी हाताला लागेल तेवढेच होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, टस्कंबिया नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २७ जून १८८० रोजी हेलन केलर हिचा जन्म झाला. ती एकोणीस महिन्यांची असताना तिला कडक ताप आला. मूल हाती लागत नाही, असे वैद्यांना वाटले. पण ताप उतरला आणि मूल वाचले. घरात आनंद झाला, तो थोडेच दिवस टिकला. जाताना त्या तापाने तिची दृष्टी नेली होती आणि श्रवणही नेले होते. कानांवर शब्द पडेनासे झाल्यामुळे तिचे बोबडे बोलही मागे पडले.

उरले नाक, जीभ आणि त्वचा. हेलन आईच्या झग्याला धरून घरभर हिंडे. कुंपणाच्या कडेकडेने चाचपडत बागेत जाई आणि वासावरून फुले हुडकून काढी. हळूहळू तिने स्वतःच्या खुणा तयार केल्या. पाव हवा असला, की सुरीने काप काढून त्यांना लोणी लावावे तसे हात हलवी. आइस्क्रीम खावेसे वाटले, म्हणजे यंत्राचा दांडा फिरवल्यासारखे करी आणि थंडीने कुडकुडावे तसे अंग थरथरवी. हाताने धरण्याच्या किंवा हाताने करण्याच्या गोष्टींच्या खुणा अशा रीतीने साधल्या. पण हळहळीची खूण काय करावयाची? मायेचा आकार हवेत कसा काढावयाचा?

राग मात्र तिला भरपूर येई. इतर माणसे खुणा न करता ओठ हलवून एकमेकांशी काही तरी करतात, हे तिने त्यांच्या तोंडांना हात लावून ताडले होते. तिनेही ओठ हलवून पाहिले. त्यातून काहीच घडेना. मग ती हातपाय आपटी, किंचाळे, आणि दमून गळून जाईपर्यंत थांबत नसे. त्या वेळी तिच्या मनात काय चालले होते, त्याला नाव नव्हते. नाव नव्हते म्हणून ते नव्हतेच, असे तिच्या लाथा खाणाऱ्या माणसांना कोणी सांगून पाहावे!

३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन नावाच्या शिक्षिका तिला शिकवण्यासाठी घरी आल्या. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. लहानपणी त्यांची स्वतःची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्या शाळेतील अंध मुलांनी हेलनसाठी एक बाहुली पाठवली होती. सुलिव्हनबाई वस्तू हेलनच्या एका हातात देत आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर बोटांनी तिच्या नावातील अक्षरे काढीत. हेलनला हा खेळ आवडला. तीही तशीच बोटे हलवू लागली. परंतु प्रत्येक वस्तूला एक नाव असते आणि बोटांचा हा खेळ म्हणजे ते नाव, हे काही तिच्या ध्यानात आले नव्हते.

५ एप्रिलचा दिवस उजाडला. त्या दिवशी सकाळी 'पेला' आणि 'पाणी' या दोन शब्दांत तिचा सारखा गोंधळ होत होता. सुलिव्हनबाईंनी तो धडा बाजूस ठेवला आणि बाहुलीचा शब्द घेतला. तोच तोच पाठ पुन्हा पुन्हा होऊ लागला, तशी हेलन चिडली. तिने नवी बाहुली उचलली आणि जमिनीवर आपटली. पायाशी पसरलेले तुकडे तिने चाचपले. तिला बरे वाटले! वाईट वाटण्याचा प्रश्नच नव्हता. सुलिव्हनबाईंनी ते तुकडे झाडून चुलाणाच्या कडेला सारले आणि हेलनला घेऊन त्या बाहेर पडल्या.

अंगणात विहिरीवरच्या पंपाने कोणी पाणी काढीत होते. सुलिव्हनबाईंनी हेलनचा एक हात त्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळव्यावर 'पाणी' या शब्दाची अक्षरे, प्रथम सावकाश व नंतर भराभर, काढली. हेलन स्तब्ध उभी राहिली. हातावरून वाहणारा तो गार, ओला पदार्थ आणि तळव्यावरची ती अक्षरे यांचा संबंध तिच्या मनात एकाएकी जुळला. प्रत्येक वस्तूला नाव असते! मग तिला धीर निघेना. जे हाती लागेल त्याचे नाव ती विचारू लागली.

ही हकीकत जगप्रसिद्ध आहे आणि ती सांगणारे बहुधा येथेच थांबतात. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यामागून घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. घरात पाऊल टाकताच हेलनला बाहुलीची आठवण झाली. ती चाचपडत चुलाणापाशी गेली. तिने तुकडे गोळा केले आणि ते जुळवून पाहिले. ते जुळेनात. तिचे डोळे भरून आले. आपण केले ते वाईट केले, अशी खंत तिला आयुष्यात पहिल्यानेच वाटली, असे पुढे तिने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आता या बाहुलीकडे जरा बारकाईने पाहावे. सकाळी तुकडे झाले, त्यांत पुढे भर पडली नव्हती की घट झाली नव्हती. त्यांच्या कडा तितक्याच तीक्ष्ण होत्या. हेलनची बोटेही तीच होती. तराजू, मोजपट्टी, भिंग अशी सारी साधने त्या खोलीत आणून ठेवली असती, तरी सकाळच्या तुकड्यांत आणि मागाहूनच्या तुकड्यांत कवडीचाही फरक सापडला नसता. तरीसुद्धा सकाळी जी मुलगी ते चाचपून खूश झाली, तीच मागाहून ते हातात घेऊन रडली. हाताला लागणारे तेवढेच खरे मानले, तर हे रडणे कोठून आले ते सांगता येणार नाही. काही तरी पालटले होते खास; आणि जे पालटले, ते तुकड्यांत नव्हते.

हेलनचे आत्मचरित्र १९०३ साली प्रसिद्ध झाले, त्या वेळी ती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षात होती. इतक्या वर्षांपूर्वीच्या आठवणीत थोडेफार नंतरचे मिसळले असेल, अशी शंका कोणी घेईल आणि ती अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. पंपाजवळच्या प्रसंगाला सुलिव्हनबाईंच्या त्या काळच्या पत्राचा आधार आहे. खंत मात्र हेलनचीच. तिच्यावाचून ती दुसरे कोण सांगणार? भावनांच्या बाबतीत ही अडचण नेहमीच राहते. दगडाला हजार साक्षीदार मिळतात, खंतीला एकच.

यानंतर हेलन झपाट्याने शब्द शिकू लागली. एके दिवशी सकाळी तिने बागेतील लवकर उमललेली काही फुले सुलिव्हनबाईंना आणून दिली. बाईंनी तिला जवळ घेतले आणि हेलनवर आपले प्रेम आहे, असे तिच्या तळव्यावर लिहिले. प्रेम म्हणजे काय, असे हेलनने लगेच विचारले. बाईंनी तिच्या हृदयाकडे निर्देश केला. तेथे काही तरी धडधडते, हे हेलनला त्या दिवशी प्रथम जाणवले. पण अर्थ कळेना. ज्या मुलीच्या लेखी प्रत्येक नाव म्हणजे हाताला लागणारा एक पदार्थ, ती दुसरे काय करणार? तिने फुलांचा सुगंध पुढे केला: हे प्रेम का? बाई नाही म्हणाल्या. अंगावर ऊन पडले होते. ऊब ज्या दिशेने येत होती तिकडे हात करून तिने विचारले: मग हे? सुगंध आणि ऊब यांच्याइतके सुखद दुसरे काही तिच्या ओळखीचे नव्हते. यावरही बाईंनी नकार दिला. हेलन निराश झाली. बाई सगळ्या वस्तू दाखवतात, मग ही एकच का दाखवीत नाहीत?

एक-दोन दिवसांनी ती मणी ओवीत बसली होती. दोन मोठे, तीन लहान, असा काही क्रम होता आणि तो सारखा चुकत होता. सुलिव्हनबाई न रागावता चूक दाखवीत होत्या. एकदा चूक हेलनच्याच लक्षात आली आणि पुढे कोणता मणी घालावा याकडे तिचे चित्त क्षणभर पूर्ण एकवटले. तेवढ्यात बाईंनी तिच्या कपाळावर बोट ठेवले आणि 'विचार कर' अशा अर्थाचा शब्द लिहिला. कपाळाच्या आत या क्षणी जे चालले आहे, त्याचे हे नाव, हे हेलनला लख्खकन उमगले! हाताला न लागणाऱ्या गोष्टीचे नाव तिला कळले, ते असे.

मणी तसेच मांडीवर राहिले. ती स्वस्थ बसून प्रेमाचा अर्थ लावू लागली. त्या दिवशी आभाळ भरलेले होते, मधूनमधून सरी येत होत्या; पुढे एकाएकी लख्ख ऊन पडले. तेव्हा तिने पुन्हा तोच प्रश्न केला, आणि सुलिव्हनबाईंनी तिला ढगाचा दाखला दिला. ढग काही मुठीत येत नाही, पण पाऊस अंगावर पडतो आणि तापलेली जमीन व फुले तृप्त होतात. प्रेमही तसेच हाती धरता येत नाही, त्याचा गोडवा मात्र जाणवतो, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. आपल्या मनापासून इतरांच्या मनांपर्यंत काही न दिसणारे धागे गेले आहेत, असे हेलनला त्या वेळी वाटले.

ढगाचा दाखला सुंदर आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलीसाठी तो दिलेला होता, हेही विसरू नये. ढग अखेर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचाच असतो आणि पुरेसे उंच गेले तर हात ओला होईल. मण्यांचा प्रसंग त्याहून अधिक शिकवून जातो. विचार ही मण्यासारखी एखादी वस्तू हेलनच्या डोक्यात ठेवलेली नव्हती. विचार घडत होता, चालत होता. नदीचे पाणी घागरीत भरून घरी आणता येते, पण नदीचा वेग घागरीत भरता येत नाही. घागरीतले पाणी निश्चल असते. तेवढ्यावरून वेग नावाचे काही नाहीच, असे म्हणणाऱ्याने पुराच्या वेळी नावाड्यापाशी जाऊन ते म्हणावे. वेग हा पदार्थ नव्हे. ते पाण्याचे चालणे आहे. भावना हे अशाच प्रकारे माणसाचे, त्याच्या देहाचे व मनाचे, चालणे होय. ती पेटीत ठेवण्याजोगी वस्तू नाही म्हणून ती नाही, हा तर्क नदीच्या बाबतीत जितका टिकतो, तितकाच येथे टिकेल.

यावर कोणी विचारील, की मनाला वाटते ते पुष्कळदा साफ चुकीचे असते, त्याचे काय? हा आक्षेप मात्र वजनदार आहे. आपल्याकडे वेदान्ती पंडित यासाठी दोर आणि साप यांचा जुना दृष्टान्त देतात. तिन्हीसांजेला एक मनुष्य विहिरीकडे निघाला आहे. वाटेत काही तरी वेटोळे पडलेले दिसते. साप! तो जागच्या जागी थिजतो, अंगाला दरदरून घाम सुटतो, छाती धडधडू लागते. घरातून कोणी कंदील आणतो, तो काय, पोहऱ्याचा दोर! पंडित या दृष्टान्तातून सापाचा खोटेपणा शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यात दुसरीही एक बाजू आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साप नव्हता, घाम मात्र होता. सदरा भिजला होता. कंदील येताच साप तत्क्षणी नाहीसा झाला, पण छातीची धडधड थांबण्यास काही वेळ लागलाच.

तेव्हा येथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भीती वाटली, हे एक. आणि भीती ज्याची वाटली ते होते, हे दुसरे. पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते. मित्राने आपली निंदा केली असे समजून एखादा मुलगा रुसतो. मागाहून कळते, की मित्राने तसे काहीच म्हटले नव्हते. त्याच्या रागाचे कारण खोटे होते. राग खोटा नव्हता, कारण त्या रागापायी तो दोन दिवस जेवला नव्हता. त्याला 'तुझी समजूत चुकली आहे' असे म्हणणे न्यायाचे आहे. 'तुला राग आलाच नव्हता' असे म्हणणे नाही. वडील माणसे घाईत या दोन वाक्यांची गल्लत करतात.

ही गल्लत वैद्यकातही होऊ शकते. अमेरिकेतील यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, असंख्य सैनिकांचे हातपाय कापून टाकावे लागले. त्यांपैकी पुष्कळांना कापलेला हात वा पाय अद्याप जागेवर आहे असे भासे, आणि कित्येकांना तो दुखे. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी अशा सैनिकांचा अभ्यास केला आणि १८७१ साली या न दिसणाऱ्या अवयवाला जे नाव दिले, त्याचा अर्थ 'भुताचा अवयव' असा होतो. पाय नाही, पण पायातील वेदना आहे! दोर-सापाच्या दृष्टान्ताचेच हे देहातले रूप म्हणावयाचे. पाय दाखवता येत नाही म्हणून वेदना नाही, असे म्हणून हे डॉक्टर स्वस्थ बसले नाहीत. पुढे १९९० नंतरच्या दशकात, मूळचे तमिळनाडूचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी त्यावर एक अगदी साधी युक्ती योजली. एका पेटीत उभा आरसा बसवावयाचा आणि रोग्याने आपला धडका हात त्याच्यासमोर धरावयाचा. आरशात पडलेले प्रतिबिंब बरोबर गमावलेल्या हाताच्या जागी दिसते. धडक्या हाताची मूठ उघडली, की नसलेल्या हाताची घट्ट वळलेली मूठही उघडल्यासारखी वाटते. काही रोग्यांच्या वेदना या उपायाने उणावल्या. वेदना आकाशपुष्पासारखी असती, तर ती उणावणार कशी?

आज मेंदूत रक्त कोठे अधिक वाहते हे यंत्रे दाखवतात. हृदयाचे ठोके, हातावरचा घाम यांचीही मोजदाद होते. या साऱ्या भावनेच्या पाऊलखुणा होत आणि त्यांचे मोल थोडे नाही. तथापि एवढी यंत्रे हाताशी असूनही रुग्णालयात डॉक्टर रोग्याच्या खाटेशी वाकून विचारतात, ''० ते १० पर्यंत मोजले, तर दुखणे किती आहे?'' रोगी म्हणतो, ''सात.'' डॉक्टर कागदावर सात लिहून घेतात आणि औषध ठरवताना तो आकडा जमेस धरतात.

हेलन केलर १९०४ साली पदवीधर झाली. तिने अनेक ग्रंथ लिहिले, अंध व बधिर यांच्यासाठी जगभर प्रवास केला, आणि १ जून १९६८ रोजी तिचे निधन झाले. हस्तांदोलनावरून समोरच्या माणसाच्या मनाचा ओलावा किंवा कोरडेपणा कळतो, असा तिचा अनुभव होता. काही हात तिला गारठलेले वाटत, काही हातांत सूर्यकिरण असल्यासारखे वाटे. १९५५ साली ती भारतात आली, तेव्हा पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांची तिने भेट घेतली. त्या भेटीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. हेलनचे वय पंचाहत्तरीला आले आहे. पंडितजी तिच्यासमोर उभे आहेत आणि तिची बोटे त्यांच्या चेहऱ्यावर टेकलेली आहेत.